गोलंदाजाचा हात आणि पंचाची संमती

खेळांचा इतिहास आपल्याकडे बहुधा धावांचा व बळींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी किती शतके काढली व कोणी किती गडी बाद केले, याच्या याद्या शाळकरी मुलांसही मुखोद्गत असतात. परंतु खेळ ही जितकी पराक्रमाची तितकीच कायद्याची संस्था आहे. आणि कायद्याचा इतिहास पुष्कळदा अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांत दडलेला असतो. गोलंदाजाने अंगावर काय घालावे, बोटास काय गुंडाळावे, कपाळास काय बांधावे, आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा असाच एक प्रश्न आहे. वरवर पाहता तो शिंप्याचा किंवा फार तर वैद्याचा प्रश्न वाटेल. पण या प्रश्नावरून दोन देशांच्या क्रिकेट मंडळांत वितुष्ट आलेले आहे, नामांकित खेळाडूंच्या चारित्र्याविषयी शंका घेतल्या गेल्या आहेत, आणि एका मराठी भाषिक पंचास आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा शेवट लागलेला पाहावयास मिळालेला नाही. यास्तव त्याचा थोडा विस्ताराने विचार करावा असे आम्हांस वाटते.

आरंभी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पोशाख ही एक गोष्ट आणि चेंडूस लागणारा हात ही दुसरी. क्रिकेटचे जे जुने नियम १७४४ सालापासून उपलब्ध आहेत, त्यांत खेळाडूने कोणता वेश करावा याची चिंता जवळजवळ नाहीच. वेशाचा उल्लेख प्रथम येतो तो त्या वेशाचा खेळात उपयोग होऊ लागला तेव्हा. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्षेत्ररक्षक डोक्यावरील टोपी काढून तिने चेंडू अडवू लागले, तेव्हा त्याबद्दल पाच धावांचा दंड ठरविण्यात आला. टोपी घालण्यास हरकत नव्हती. टोपीचा हातासारखा उपयोग करण्यास होती. सव्वादोनशे वर्षांनंतर आजही नियमाचे तत्त्व हेच आहे. कपडा मुद्दाम पसरून किंवा अंगावरून काढून त्याने चेंडू अडविल्यास पाच धावा प्रतिपक्षास मिळतात.

गोलंदाजीच्या इतिहासात वेशाची आणखी एक गंमतीची कथा सांगितली जाते. केंट परगण्यातील जॉन विल्स यांस त्यांची बहीण सरावासाठी चेंडू टाकीत असे. तिच्या घेरदार झग्यामुळे तिला खालून हात फिरविता येईना, म्हणून तिने तो बाजूने फिरविला, आणि तेथून नव्या गोलंदाजीचा जन्म झाला, अशी ती कथा आहे. त्या काळी तसे घेरदार झगे प्रचारात नव्हते, असा आक्षेप घेऊन इतिहासकारांनी तिजविषयी शंका प्रदर्शित केली आहे, व ती आम्हांस योग्य वाटते. परंतु कथेचा उत्तरार्ध मात्र इतिहासच आहे. १८२२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर विल्स यांनी हात बाजूस उंचावून चेंडू टाकताच पंचाने तो नियमबाह्य ठरविला, आणि ते रागाने मैदान सोडून घोड्यावर बसून निघून गेले. पुढे १८३५ साली खांद्यापर्यंत व १८६४ साली खांद्याच्या वर हात नेण्यास मुभा मिळाली. म्हणजे ज्या हातास पंचाने मना केली, तोच हात पुढे कायद्याने मान्य केला. पंचाचा निर्णय व नियमाची वाढ यांचा हा संबंध पुढील सर्व विवेचनात वाचकांनी स्मरणात ठेवावा.

मुंबईत हा खेळ रुजला तेव्हाही वेशाचा प्रश्न कायद्याचा नव्हता, रूढीचा होता. १८४८ साली पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पुढे हिंदूंचे व मुसलमानांचे संघ निघाले. आपापल्या चालीरीतींसह मैदानावर उतरलेले हे खेळाडू हळूहळू पांढऱ्या विजारी व पांढरे सदरे घालू लागले. हे रूढीने झाले. त्यासाठी पंचास बोट वर करावे लागले नाही. आजही शीख खेळाडू डोक्यास पटका बांधून खेळतो, आणि त्याबद्दल पंच अवाक्षर काढीत नाही. बिशनसिंग बेदी यांनी रंगीबेरंगी पटके बांधून जन्मभर गोलंदाजी केली, आणि त्यांच्या पटक्याने फलंदाजाचे काही बिघडले असे कोणी म्हटले नाही. पटका श्रद्धेचा असतो व तो चेंडूस लागत नाही. पंचास ज्याची काळजी वाहावी लागते ती गोष्ट वेगळीच असते.

ती कोणती, हे पाहण्यासाठी क्षणभर अमेरिकेकडे वळणे उपयोगाचे होईल. तेथील बेसबॉल या खेळात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, हा आपल्या गोलंदाजाचा दूरचा भाऊबंद होय. चेंडूस थुंकी किंवा चिकट पदार्थ लावून त्याची दिशा फसवी करण्याचा प्रकार तेथे इतका माजला की १९२० साली त्यास बंदी करावी लागली. मात्र ज्यांची उपजीविकाच त्या कलेवर चालली होती अशा सतरा पिचरांस निवृत्तीपर्यंत सवलत देण्यात आली. पुढे नियम अधिकाधिक कडक होत गेले. पिचरच्या हातमोजाचा रंग पांढरा किंवा करडा असता कामा नये, कारण फलंदाजाची नजर चेंडूवरून ढळेल. त्याच्या कोणत्याही हातास, बोटास किंवा मनगटास पट्टी, चिकटपट्टी, डिंक, कडे असे काहीही लावलेले असता कामा नये. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी लहान मुलांसाठी जी लिटल लीग स्थापिली, तिच्या नियमांत तर मुलाच्या आतल्या सदऱ्याची बाही बाहेर दिसत असल्यास ती एकरंगी असावी, पांढरी किंवा करडी नसावी, इतका बारकावा आहे. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या बाहीचा रंग पाहण्याचे काम तेथील पंचास करावे लागते. मोठ्यांच्या सामन्यांत तर २०२१ सालच्या जूनपासून पंच पिचरची टोपी, पट्टा व हात नियमितपणे तपासू लागले. आणि २०२२ साली एका महत्त्वाच्या सामन्यात प्रतिपक्षाच्या तक्रारीवरून पंचाने ज्यो मसग्रोव्ह या पिचरचे कानही चोळून पाहिले. कानांवर काही सापडले नाही, व खेळ पुढे चालू झाला.

वाचकांस हे हास्यास्पद वाटेल. परंतु त्यामागील विचार सरळ आहे. जो चेंडू टाकतो त्याच्या हातून तो चेंडू जातो. म्हणून त्याच्या हातावर जे असेल ते चेंडूवर जाण्याचा संभव असतो. अमेरिकनांनी यावर निषेधाचा उपाय केला. बोटास पट्टी असेल तर ती कोणत्या हेतूने बांधली, जखम खरी की खोटी, याची चौकशी न करता ती काढा म्हणावयाचे. हेतूची परीक्षा टाळण्याचा हा एक मार्ग झाला. इंग्रजांच्या खेळाने मात्र दुसरा मार्ग धरला, आणि तो धरण्यास त्यास फार वर्षे लागली. या दोन मार्गांतील अंतर समजण्यासाठी आपणांस १९७७ सालच्या मद्रासला जावे लागेल.

त्या हिवाळ्यात टोनी ग्रेग यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा संघ भारतात आला होता. डावखुरा मध्यमगती गोलंदाज जॉन लीव्हर याने दिल्ली येथील आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यात पहिल्या डावात ४६ धावांत सात व एकूण दहा बळी घेऊन भारताचा कणा मोडला. दिल्ली व कलकत्ता येथील सामने हरून भारतीय संघ जानेवारी १९७७ मध्ये मद्रासला आला, तेव्हा मालिका हातची जाण्याच्या बेतात होती. त्या तिसऱ्या सामन्यात उकाड्याने कपाळाचा घाम डोळ्यांत उतरतो म्हणून लीव्हर व त्याचा सहकारी बॉब विलिस यांच्या कपाळांवर व्हॅसलीन लावलेल्या, मलमपट्टीस वापरतात तशा जाळीदार कापडाच्या पट्ट्या लावण्यात आल्या होत्या. ही युक्ती संघाबरोबरचे उपचारक बर्नार्ड टॉमस यांनी सुचविली, असे संघाच्या व्यवस्थापनाने मागाहून सांगितले. त्यांपैकी लीव्हरची एक पट्टी सुटली आणि ती पंच ज्युडा रूबेन यांच्या हाती आली.

रूबेन यांच्याविषयी येथे दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. ते मुंबईचे, आणि बेने इस्रायल समाजातील. हा समाज कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला, तेलाच्या घाण्यांवर पोट भरणारा व शनिवारी घाणा बंद ठेवणारा, म्हणून गावकऱ्यांनी ज्यास शनवार तेली म्हटले तो. मराठी ही त्याची मायबोली, आणि गावांवरून पडलेली ‘कर’ प्रत्ययाची आडनावे ही त्याची खूण. आमच्या कोपरीकडून रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेस ठाणे शहरात गेले की याच समाजाचे १८७९ सालचे सिनेगॉग आजही उभे आहे; त्यावरून या परिसराशी त्याचे नाते किती जुने आहे हे कळून येईल. अशा या समाजातील रूबेन यांनी १९६९ ते १९७७ या काळात दहा कसोटी सामन्यांत पंचाचे काम केले. २००६ साली ते निवर्तले.

रूबेन यांनी पट्टीची गोष्ट दडपून ठेविली नाही, ती संबंधितांच्या कानी घातली. आणि मग जे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. व्हॅसलीनने चेंडूची एक बाजू चकाकत राहते व तो हवेत अधिक वळतो, हे क्रिकेट खेळणारा प्रत्येक जण जाणतो. त्या वेळच्या नियमावलीतील ४६ व्या नियमाप्रमाणे चेंडूस राळ, मेण यांसारखा पदार्थ लावणे हे गैर होते व त्यात हस्तक्षेप करणे हे पंचाचे कर्तव्य होते. भारताचे कर्णधार बेदी यांनी उघडपणे संशय व्यक्त केला. इतकेच नव्हे तर दिल्लीच्या सामन्याकडेही त्यांनी बोट दाखविले. इंग्लंडच्या बाजूने व्यवस्थापक केन बॅरिंग्टन यांनी खुलासा केला. त्या खुलाशाचा सारा भर हेतूवर होता: पट्टी घामासाठी होती, चेंडूसाठी नव्हती. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने हे म्हणणे मान्य केले. कोणाही गोलंदाजास शिक्षा झाली नाही. भारत तो सामना २०० धावांनी हरला; दुसऱ्या डावात सर्व संघ ८३ धावांत आटोपला. मालिका इंग्लंडने तीन विरुद्ध एक अशी जिंकली. त्याच वर्षी बेदी यांचा इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्याशी असलेला संबंध संपला, आणि या आरोपाचे ते फळ होय असे ते मानीत आले.

आता या प्रकरणात न्याय कोणत्या बाजूस होता, हे ठरविण्याचा आमचा मानस नाही. लीव्हर हा गुणी गोलंदाज होता. पुढेही त्याने इंग्लंडच्या मैदानांवर वर्षानुवर्षे बळी घेतले, आणि तेथे त्याच्या कपाळावर पट्टी नव्हती. दिल्लीतील त्याचे यश त्या सामन्यात मिळालेल्या विलक्षण वळणाऱ्या चेंडूचे फळ होते असेही पुष्कळांनी म्हटले आहे. उलटपक्षी, ज्याच्या हातात मैदानावरच व्हॅसलीनची पट्टी आली त्या पंचाने ती डोळ्यांआड करावी, अशी अपेक्षा कोण करील? आमच्या मते खरी अडचण कोणाच्या प्रामाणिकपणाची नव्हती, प्रश्नाच्या मांडणीची होती. प्रश्न हेतूचा करण्यात आला. हेतू मनात असतो. पंचास मन दिसत नाही, पट्टी दिसते. जेव्हा एखाद्या प्रकरणाचा निकाल मनावर अवलंबून ठेविला जातो, तेव्हा ज्याच्या बाजूस अधिक वजनदार माणसे असतील त्याचे मन शुद्ध ठरते, आणि ज्याने केवळ पाहिले त्याचे पाहणे निरर्थक होते. रूबेन यांच्या वाट्यास नेमके हेच आले. त्यांना कोणी खोटे ठरविले नाही. त्यांच्या खरेपणाचा उपयोगच कोणी केला नाही.

समजा, त्या दिवशी खेळ सुरू होण्यापूर्वी ग्रेग यांनी पंचांकडे जाऊन, ‘आमच्या गोलंदाजांच्या कपाळांवर आम्ही अशी पट्टी लावणार आहोत, आपली हरकत नाही ना?’ एवढेच विचारले असते, तर काय झाले असते? पंचांनी पट्टी पाहिली असती, तिचा वास घेतला असता, व्हॅसलीन नको, कोरडा रुमाल चालेल, असे बहुधा सांगितले असते. यास अर्धे मिनिट लागले असते. आधी अर्धे मिनिट न दिल्यामुळे मागाहून कित्येक वर्षे खर्ची पडली.

या अर्ध्या मिनिटाचे महत्त्व कायद्यास हळूहळू पटत गेले. २००० सालच्या नियमसंहितेत ४१ व्या व २०१७ सालच्या संहितेत २८ व्या नियमात असे स्पष्ट लिहिले आहे की, यष्टिरक्षकाखेरीज कोणाही क्षेत्ररक्षकाने हातमोजे घालू नयेत, आणि हातास किंवा बोटांस संरक्षण म्हणून काही बांधावयाचे असल्यास ते पंचांच्या संमतीनेच बांधावे. गोलंदाजही क्षेत्ररक्षणाच्या पक्षातीलच असल्यामुळे हा नियम त्यास लागू आहे. येथे ‘संमती’ या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. बेसबॉल म्हणते, बांधू नकोस. क्रिकेट म्हणते, विचारून बांध. पहिल्या नियमात पंच हा पहारेकरी आहे. दुसऱ्यात तो विश्वासाचा माणूस आहे. दोन्ही नियम हेतूची परीक्षा टाळतात, पण दुसऱ्यात खेळाडूच्या दुखऱ्या बोटास जागा आहे.

हे विचारणे किती जड जाते, याची साक्ष मधल्या काळातील दोन प्रकरणे देतात. जुलै १९९४ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडचे कर्णधार मायकेल आथर्टन हे विजारीच्या खिशात हात घालून काही तरी काढताना दूरचित्रवाणीवर दिसले. खिशात माती होती. हात कोरडा ठेवण्यासाठी ती आपण वापरीत होतो, असे त्यांनी सांगितले. पण सामनाधिकाऱ्याने प्रथम विचारले तेव्हा मातीचा उल्लेख त्यांनी केला नव्हता. त्यांस दोन हजार पौंडांचा दंड झाला. त्यातील अर्धा मातीबद्दल व अर्धा त्या अर्धवट उत्तराबद्दल. दुसरे प्रकरण आपल्या अंतःकरणास अधिक लागलेले आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ येथे सचिन तेंडुलकर चेंडूच्या शिवणीवरून बोट फिरविताना दिसले, आणि सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्यांस दंड व एका सामन्याची स्थगित बंदी अशी शिक्षा दिली. देशभर संताप उसळला, संसदेत आवाज उठला, आणि पुढील सामना अधिकृत मानला गेला नाही. या गदारोळात एक गोष्ट दृष्टीआड झाली. तेंडुलकरांचा अपराध, मागाहून झालेल्या खुलाशाप्रमाणे, चेंडू बिघडविण्याचा नव्हता. चेंडूवरील चिखल पंचांच्या देखरेखीवाचून काढण्याचा होता. मैदानावरील पंचांनी तर तक्रारही केली नव्हती. सचिनसारख्या निर्मळ खेळाडूवर लांडीलबाडीचा आरोप आला म्हणून आपण रागावलो, आणि ते साहजिक होते; पण ‘चेंडू पंचांस दाखवून पुसला असता तर?’ हा प्रश्न आपणांपैकी फार थोड्यांनी विचारला.

हा प्रश्न शेवटी महाराष्ट्राच्याच भूमीवर निकालात निघाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या कसोटी सामन्याच्या पहिल्या दिवशी रवींद्र जडेजा यांनी सहकारी मोहम्मद सिराज यांच्या हातावरून काही मलम घेऊन ते आपल्या गोलंदाजीच्या हाताच्या तर्जनीस चोळले. बोट सुजले होते, मलम दुखण्यावरचे होते. जडेजा यांनी त्या डावात ४७ धावांत पाच बळी घेतले, आणि चित्रफीत जगभर फिरताच कुजबुज सुरू झाली. सामनाधिकारी अँडी पायक्रॉफ्ट यांनी चौकशी केली. मलम केवळ औषध म्हणून लावले होते, ते चेंडूस लावले नव्हते, व चेंडूची स्थिती बदललेली नव्हती, हे सर्व त्यांनी मान्य केले. तरीही जडेजा यांस सामन्याच्या मानधनाच्या पंचवीस टक्के दंड झाला व त्यांच्या नावावर एक अवगुणांक नोंदला गेला. कारण एकच: मैदानावरील पंचांची परवानगी त्यांनी घेतली नव्हती. जडेजा यांनी अपराध कबूल केला. सुनावणीची गरज पडली नाही. भारताने तो सामना एक डाव व १३२ धावांनी जिंकला, आणि त्या विजयावर कसलाही डाग राहिला नाही.

मद्रास व नागपूर ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे ४६ वर्षांत कायद्याने केवढी मजल मारली हे ध्यानात येते. मद्रासला पदार्थ सापडला, त्याचा परिणाम होण्याजोगा होता, हेतूविषयी वाद झाला, आणि शिक्षा कोणासही झाली नाही. पण संशय मात्र संबंधितांच्या नावास आजतागायत चिकटून राहिला. नागपूरला पदार्थ निरुपद्रवी होता, परिणाम शून्य होता, हेतू शुद्ध ठरला, आणि तरी शिक्षा झाली. पण संशय मात्र त्याच आठवड्यात धुऊन निघाला. हे विचित्र दिसते खरे. निर्दोष हेतूच्या माणसास दंड आणि संशयास्पद प्रसंगी मुक्तता, हा न्याय कसला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, नागपूरचा दंड हेतूबद्दल नव्हताच. न विचारण्याबद्दल तो होता, आणि न विचारणे ही डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे. जडेजा यांस आपले मन उघडून दाखवावे लागले नाही, हाच या व्यवस्थेचा मोठा उपकार. लहान दंड देऊन मोठा कलंक टाळणारा कायदा हा क्रूर नव्हे, दयाळू होय.

याविरुद्ध एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रत्येक गोष्टीस पंचाची संमती लागली, तर पंच लहरी झाला म्हणजे काय करावे? २०१४ साली साउथॅम्प्टन येथे भारताविरुद्ध खेळताना इंग्लंडचे मोईन अली यांनी गाझातील लोकांविषयी सहानुभूती दाखविणारे मनगटपट्टे घातले. त्यांच्या स्वतःच्या मंडळास त्यात वावगे दिसले नाही. परंतु सामनाधिकारी डेव्हिड बून यांनी ते मैदानावर घालण्यास मनाई केली. येथे चेंडूस अपाय होण्याचा प्रश्नच नव्हता. चेंडूच्या रक्षणासाठी मिळालेला अधिकार असा विचारांच्या रक्षणाकडे किंवा नियंत्रणाकडे वळू लागला, की त्याच्या मर्यादा आखणे भाग पडते. आमच्या मते मर्यादेची रेघ जुन्या टोपीच्या नियमानेच आखून दिली आहे. वेश घालणे वेगळे, वेशाचा हत्यारासारखा उपयोग करणे वेगळे. वेस्ट इंडिजचे सॉनी रामाधीन १९५० साली मनगटापर्यंत बाह्यांची बटणे लावून गोलंदाजी करीत व इंग्लंडच्या फलंदाजांस हातातील चेंडू वाचता येत नसे. तरी बाह्या वर करा असे त्यांस सांगण्याचा अधिकार पंचास नव्हता, आणि नव्हता हेच योग्य. ज्या वस्तूचा चेंडूशी संबंध येतो तिच्यापुरतीच संमती मागावी, बाकी माणसास त्याच्या पटक्यासह व बाहीसह खेळू द्यावे, हा विवेक पंचाच्या अंगी असल्यावाचून संमतीचा नियम जाचक होईल.

हा विवेक कोठे शिकविला जातो? तो कसोटीच्या मैदानावर शिकविता येत नाही. तेथे तो आधीच असावा लागतो. कोपरीत काय, कल्याण-डोंबिवलीत काय, सुट्टीच्या दिवशी जिथे मोकळी जागा असेल तिथे मुलांचे सामने चाललेले असतात. कोणाच्या बोटास चिकटपट्टी असते, कोणाच्या मनगटास देवाचा दोरा व त्यावर घामाचा पट्टा, कोणाच्या गळ्यात साखळी. पंच म्हणून बहुधा कोणी तरी थोरला मुलगा किंवा एखाद्या खेळाडूचे वडील उभे असतात. चिकटपट्टी पाहून असा पंच ओरडला, की मुलगा चटकन म्हणतो, ‘काका, मी मुद्दाम नाही लावली.’ म्हणजे मद्रासचाच बचाव तो नकळत करतो. त्यास मुद्दाम-अमुद्दाम या वादात न ओढता, ‘लावण्याआधी मला दाखव, मग खुशाल लाव,’ असे जर पंचाने सांगितले, तर त्या मुलास नियमापेक्षा मोठी गोष्ट मिळेल. आपल्या प्रामाणिकपणाची साक्ष देत बसण्यापेक्षा आपले काम आधीच उजेडात करणे हे सोपे आणि सुरक्षित आहे, हे त्यास कळेल. देवाच्या दोऱ्यास मात्र पंचाने हात लावू नये. तो चेंडूस लागत नाही.

आपल्या सार्वजनिक व्यवहारात, संस्थांच्या हिशेबांत, कचेरीतील कामांत, किंबहुना घरच्या व्यवहारातही बहुतेक भांडणे हेतूवरून होतात. ‘माझ्या मनात तसे नव्हते’ हे वाक्य जितक्या वेळा खरे असते तितक्याच वेळा ते निरुपयोगी असते. कारण ऐकणाऱ्यापाशी मनाचा आरसा नसतो. ‘मी आधी विचारले होते’ हे वाक्य मात्र लहानशा माणसाच्या तोंडीही वजनदार ठरते. क्रिकेटच्या कायद्याने हा धडा पट्टीच्या, मातीच्या व मलमाच्या निमित्ताने, दीर्घ काळ ठेचा खात शिकून घेतला. मद्रासला ज्युडा रूबेन यांच्या हातात जी पट्टी आली, तिचा निकाल त्यांच्या हयातीत लागला नाही. परंतु पंचास न विचारता गोलंदाजाच्या हातावर काही असू नये, हे त्यांच्या पश्चात सतरा वर्षांनी नागपूरला मान्य झाले; आणि ज्याने पाहिले त्याच्या पाहण्यास अखेर कायद्यात जागा मिळाली, एवढे म्हणण्यास हरकत नाही.